जुन्या बॅकहो ट्रॅक्टरचे वायरिंग : दोष कसा शोधावा व दुरुस्ती कशी करावी

शेततळ्याचे खोदकाम, बांधबंदिस्ती, ओढ्यातील गाळ काढणे, जलवाहिनीसाठी चर खणणे इत्यादी कामे आज गावोगाव बॅकहो बसविलेल्या ट्रॅक्टरने केली जातात. पुढे माती भरण्याचा लोडर व मागे खोदकामाचा हात असलेल्या या यंत्रास ग्रामीण भागात सरसकट ‘जेसीबी’ असे म्हणतात. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९५३ साली फोर्डसन मेजर ट्रॅक्टरवर अशी जोडणी केली होती. त्यांच्या नावाची आद्याक्षरेच पुढे या जातीच्या सर्व यंत्रांचे बोलीतील नाव होऊन बसली.

या यंत्राची खरी गरज उन्हाळ्यात, मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी असते. नेमक्या त्याच दिवसांत जुने यंत्र सुरू होईनासे झाले तर शेतकऱ्याचे खोदकाम अर्धवट राहते व यंत्रमालकाचाही हंगाम बुडतो. इंजिन ठणठणीत आहे, हायड्रॉलिक पंपही सुस्थितीत आहे, तरी यंत्र उभेच, अशी स्थिती असल्यास दोष बहुधा वायरिंगमध्ये असतो. अशा वेळी पुष्कळ मालक प्रथम नवी बॅटरी आणतात. गुण न आल्यास सेल्फ बदलतात. त्यानंतर डायनॅमो बदलतात. हजारो रुपये खर्ची पडतात आणि दोष मात्र चौकटीवरील गंजलेल्या एखाद्या बोल्टाखाली तसाच राहतो. सुटा भाग बदलण्यापूर्वी विजेचा मार्ग मोजून पाहावा, हेच या पाठाचे मुख्य सूत्र होय.

विजेचा मार्ग

विजेच्या मार्गाची कल्पना शेतातील पाटावरून करता येते. विहिरीत पाणी भरपूर असूनही पिकास ते मिळत नसेल, तर पाट मध्येच तुटलेला असतो, गाळाने तुंबलेला असतो, किंवा फुटून पाणी भलतीकडे जात असते. वायरिंगमधील दोषही याच तीन प्रकारचे असतात. पहिला, तार तुटणे. दुसरा, गंज किंवा सैल सांधा यांमुळे प्रवाहास अडथळा होणे. तिसरा, आवरण घासून तार चौकटीस टेकणे, म्हणजेच शॉर्ट होणे.

एका बाबतीत मात्र वीज पाण्याहून वेगळी आहे. विजेला बॅटरीच्या एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाकडे परत यावेच लागते. ट्रॅक्टरमध्ये हा परतीचा मार्ग म्हणजे इंजिनाचे व चौकटीचे लोखंड. त्यासच वायरमन ‘अर्थ’ म्हणतात. जाण्याच्या तारा डोळ्यांना दिसतात, म्हणून त्या तपासल्या जातात. परतीच्या मार्गावरील गंज व रंगाचे थर कोणी पाहत नाही. जुन्या यंत्रांतील कित्येक चमत्कारिक दोष येथेच दडलेले असतात. एक दिवा लावला असता दुसरा मंद होणे किंवा उजवीकडे वळण्याचा इशारा दिला असता मागील सर्व दिवे मिचकावणे, ही अर्थ खराब झाल्याची ठळक लक्षणे समजावीत.

वायरिंग का बिघडते ?

साध्या ट्रॅक्टरपेक्षा बॅकहोचे वायरिंग लवकर झिजते. खोदताना व मुरूम फोडताना बसणारे हादरे, बिजागरीच्या ठिकाणी तारांना वारंवार पडणारा बाक, हायड्रॉलिक नळ्यांचे घर्षण, तेलामुळे कडक होऊन तडकणारे आवरण, सायलेन्सरची उष्णता, धूळ व धुलाईचे पाणी ही त्याची कारणे होत. यंत्र पावसाळाभर गोठ्यामागे उभे राहिल्यास उंदीर तारा कुरतडतात.

याखेरीज एक कारण मनुष्यनिर्मित आहे. मूळ वायरिंगवर वेळोवेळी जादा दिवे, भोंगा, गाण्यांची पेटी व पंखा जोडले जातात. प्रत्येक नवी तार जिथे सापडेल तिथे गुंडाळून वर टेप चिकटवली जाते. काही वर्षांनी कोणती तार कोठून निघाली व कोठे गेली, हे मालकासही सांगता येत नाही.

कामास हात घालण्यापूर्वी

यंत्र सपाट जागी उभे करावे. लोडर व मागील बकेट जमिनीवर टेकवावीत, आधारपाय खाली सोडावेत, हातब्रेक लावून चाकांना दगड अथवा लाकडी ओंडके लावावेत. इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. उचललेल्या बकेटखाली किंवा हाताखाली उभे राहून वायरिंग तपासणे हा प्राणाशी खेळ होय.

तारा तोडण्याचे अथवा जोडण्याचे काम करताना बॅटरी वेगळी करावी. प्रथम चौकटीस जोडलेली तार सोडवावी व काम संपल्यावर तीच सर्वांत शेवटी जोडावी. असे केल्याने पाना चुकून चौकटीस लागला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने तिच्याजवळ विडी अथवा काडी पेटवू नये.

आजच्या ट्रॅक्टरांमध्ये बॅटरीचे ऋण टोक चौकटीस जोडलेले असते. परंतु जुन्या काळच्या काही ब्रिटिश ट्रॅक्टरांत धन टोक चौकटीस जोडण्याची पद्धत होती. म्हणून जुने यंत्र हाती आल्यास कोणते टोक चौकटीस आहे हे प्रथम पाहून घ्यावे. बॅटरी उलटी जोडल्यास अल्टरनेटरमधील डायोड क्षणात जळतात.

सेल्फच्या दोन टर्मिनलांवर पेचकस आडवा टेकवून यंत्र सुरू करण्याची सवय अत्यंत घातक आहे. न्यूट्रल स्विचची योजना अशी असते की, गियर पडलेला असताना सेल्फ फिरू नये. पेचकसाने तो स्विच ओलांडला जातो. गियर पडलेला असल्यास यंत्र एकदम चालू लागते आणि मागील चाक शेजारी उभ्या असलेल्या माणसावरून जाते. अशा रीतीने माणसे दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. बिघडलेला न्यूट्रल स्विच बदलावा. तो जोडून टाकून निकामी करू नये.

आवश्यक साधने

साधा मल्टिमीटर, बारा व्होल्टांचा चाचणी-दिवा, पाने, वायर सोलण्याचा चिमटा, लग दाबण्याचा चिमटा, तारेचा ब्रश व पॉलिशपेपर एवढ्या साधनांवर बहुतेक दोष शोधता येतात. यांतील मल्टिमीटर हे सर्वांत उपयुक्त साधन असून एका चुकीच्या खरेदीपेक्षा त्याची किंमत पुष्कळ कमी असते.

प्रथम बॅटरी

यंत्र रात्रभर उभे राहिल्यानंतर, काहीही चालू नसताना बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक दाब म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली; १२.२ च्या सुमारास ती अर्धी भरलेली व १२.० च्या खाली जवळजवळ रिकामी समजावी. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्याची घनता पाहावी. एका कप्प्याची घनता इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असल्यास तो कप्पा खराब झाला असे मानावे. कप्प्यांत पाणी घालावयाचे ते शुद्ध ऊर्ध्वपातितच असावे. विहिरीच्या पाण्यातील क्षारांनी पट्ट्या खराब होतात.

टर्मिनलांवर साठलेला पांढरा-हिरवट थर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवावा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर टर्मिनल घासून चकचकीत करावे, घट्ट बसवावे व वरून पेट्रोलियम जेली लावावी.

सेल्फ संथ फिरतो किंवा फिरत नाही

ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. तिची तपासणी वीज वाहत असतानाच करावी लागते. गंजलेल्या सांध्यातून मल्टिमीटरपुरता सूक्ष्म प्रवाह सहज जातो, त्यामुळे यंत्र स्थिर असताना सर्व ठीक भासते. सेल्फ शेकडो अँपिअर मागू लागला म्हणजेच सांध्याची परीक्षा होते.

या चाचणीसाठी इंजिन बंद करण्याचा नॉब ओढून ठेवावा, म्हणजे डिझेल मिळणार नाही व इंजिन सुरू होणार नाही. एका व्यक्तीने आसनावर बसून, गियर न्यूट्रलमध्ये ठेवून, चावी फिरवावी; दुसऱ्याने चाकांपासून व पंख्यापासून दूर राहून मोजमाप करावे. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ सेल्फ फिरवू नये व मध्ये त्यास थंड होऊ द्यावे.

समजा, यंत्र उभे असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट आहेत. चावी फिरवताच सेल्फ कण्हल्यासारखा संथ फिरतो. तशा स्थितीत चार मोजमापे घेतली व ती अशी आली :

बॅटरीच्या दोन टोकांत : १२.१ व्होल्ट.
सेल्फचे टर्मिनल व सेल्फचे अंग यांत : ८.९ व्होल्ट.
बॅटरीचे धन टोक व सेल्फचे टर्मिनल यांत : ०.३ व्होल्ट.
बॅटरीचे ऋण टोक व सेल्फचे अंग यांत : २.९ व्होल्ट.

बॅटरीने १२.१ व्होल्ट दिले, सेल्फला ८.९ पोहोचले, म्हणजे ३.२ व्होल्ट वाटेत हरवले. त्यांपैकी केवळ ०.३ जाण्याच्या केबलमध्ये व २.९ परतीच्या मार्गात गेले. तेव्हा बॅटरीही निर्दोष आणि सेल्फवरही दोष ठेवता येत नाही; दोष अर्थच्या पट्टीत आहे. सुमारे २०० अँपिअर प्रवाह धरल्यास त्या एका सांध्यात ५८० वॅट उष्णता निर्माण होते. असा सांधा हातास गरम लागतो. पट्टी सोडवून तिच्याखालील रंग व गंज लोखंड उघडे पडेपर्यंत घासावा, पट्टी झिजली असल्यास बदलावी व पुन्हा मोजावे. जाण्याच्या व परतीच्या अशा दोन्ही मार्गांत मिळून अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब हरवू नये.

इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेले असल्यास इंजिन व चौकट यांना जोडणारी वेगळी पट्टी असते. ती तुटली तर सेल्फचा मोठा प्रवाह अन्य वाट शोधतो. तो अॅक्सिलरेटरच्या तारेतून किंवा हायड्रॉलिक नळीच्या आतील पोलादी जाळीतून वाहतो व ती तापवितो. अशा नळीजवळ तेल असल्याने आगीचा धोका संभवतो.

सेल्फ फिरवताना बॅटरीचाच दाब ९.६ व्होल्टांच्या खाली गेला तर बॅटरी रिकामी किंवा निकामी आहे, अथवा सेल्फ आतून जाम झाला आहे. बॅटरी भरून घेऊन चाचणी पुन्हा करावी. सेल्फमधून ‘टक्’ असा आवाजही येत नसेल, तर सोलेनॉइडच्या बारीक तारेवर चावी फिरवली असता बारा व्होल्टांच्या आसपास दाब मिळतो का, ते पाहावे. मिळत नसल्यास तेथून मागे न्यूट्रल स्विच, चावी व फ्यूज असे एकेक ठिकाण तपासत जावे. दाब जिथे सापडतो व त्याच्या पुढे जिथे सापडत नाही, त्या दोहोंच्या मध्ये दोष असतो.

बॅटरी भरत नाही

इंजिन मध्यम गतीने चालवून बॅटरीवर दाब मोजावा. तो साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. दाब वाढतच नसल्यास प्रथम पट्टा सैल आहे काय ते पाहावे. त्यानंतर डॅशबोर्डवरील चार्जिंगचा लाल दिवा तपासावा. अनेक अल्टरनेटरांना आरंभीची चेतना याच दिव्यातून मिळते. चावी लावताच तो दिवा पेटत नसेल, तर केवळ बल्ब गेल्याने चार्जिंग बंद पडलेले असू शकते. दाब १५ व्होल्टांच्या वर जात असल्यास रेग्युलेटर खराब आहे. तसेच चालविल्यास बॅटरीतील पाणी उकळून आटते.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘डायनॅमो चालतो की नाही’ हे पाहण्याची जुनी रीत पूर्णपणे सोडून द्यावी. बॅटरी नसताना अल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर व दिवे जळतात.

फ्यूज वारंवार जळतो

फ्यूज दिव्याचे नव्हे, तर तारेचे रक्षण करतो. तो जळला याचा अर्थ पुढे कोठेतरी तार चौकटीस टेकली आहे किंवा तिच्यावर भार अधिक झाला आहे. फ्यूजच्या जागी खिळा, चांदीचा कागद किंवा जाड तार घालणे म्हणजे फ्यूजऐवजी सर्व वायरिंग जाळण्याची तयारी करणे होय. डिझेल, तेल व वाळलेला कचरा यांच्या सान्निध्यात असे यंत्र पेटण्यास वेळ लागत नाही.

शॉर्ट शोधण्याची एक सोपी रीत आहे. जळलेला फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत ब्रेक-दिव्याचा २१ वॅटांचा बल्ब जोडावा व त्या फ्यूजवरील सर्व उपकरणे सुटी करावीत. बल्ब तरीही पूर्ण तेजाने पेटल्यास शॉर्ट तारेतच आहे. बल्बमुळे प्रवाह दोन अँपिअरच्या आत राहतो, म्हणून तार तापत नाही व शांतपणे शोध घेता येतो. आता तारांचा जुडगा टप्प्याटप्प्याने हलवावा आणि जोडण्या एकेक करून सोडवाव्यात. ज्या क्षणी बल्ब विझतो, त्याच जागी तार टेकलेली असते. बिजागरी, पत्र्याच्या भोकांच्या कडा व हायड्रॉलिक नळ्यांच्या पट्ट्या या जागा प्रथम पाहाव्यात.

अधूनमधून येणारा दोषही असाच शोधावा. दिवा चालू ठेवून जुडगा हातभर अंतरावर धरून हलवावा. खोदकामाचा हात हलविल्यावरच दोष येत असेल, तर मोजणाऱ्याने हाताच्या कक्षेबाहेर राहून नुसते पाहावे. दोष कोणत्या स्थितीत आला हे ध्यानात ठेवावे व इंजिन बंद करून बकेट टेकविल्यानंतरच तारेजवळ जावे.

दुरुस्तीची योग्य पद्धत

दोष सापडल्यावर तार कडक, काळी किंवा हिरवट झाली असल्यास तो तुकडा चांगली तार लागेपर्यंत कापून टाकावा. नवी तार अनेक बारीक तारांची, तांब्याची व तेल-उष्णता सहन करणाऱ्या आवरणाची असावी. घरातील दिवाबत्तीची एकाच जाड तारेची वायर हादऱ्यांनी लवकर तुटते, म्हणून ती वापरू नये.

तारेची जाडी भारावरून ठरवावी. रात्रीच्या कामासाठी मागे ५५ वॅटांचे चार दिवे लावल्यास २२० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर प्रवाह लागतो. १ चौ. मि.मी. जाडीची पाच मीटर तार वापरल्यास तीत दीड व्होल्टाहून अधिक दाब हरवतो, तार तापते आणि उजेड मंदावतो. ४ चौ. मि.मी. तारेत हीच हानी सुमारे ०.४ व्होल्टांवर येते. अशा दिव्यांचा प्रवाह डॅशबोर्डच्या लहान स्विचमधून न नेता रिलेमार्फत द्यावा आणि बॅटरीजवळच २५ अँपिअरचा फ्यूज बसवावा.

तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. योग्य मापाची लग अथवा जोडनळी चिमट्याने घट्ट दाबावी, ओढून पाहावी व वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. झाळकाम केल्यास झाळ तारेत शिरून ती तेवढ्या भागात ताठ होते व हादऱ्याने त्याच कडेला तुटते. म्हणून हलत्या भागात दाबून केलेला सांधाच बरा. सांधा बिजागरीवर कधीही घेऊ नये. तेथे अखंड तार ठेवून हात पूर्ण वळला व पूर्ण पसरला तरी ताण पडणार नाही एवढी ढिलाई द्यावी.

पत्र्यातून तार जाते तेथे रबरी ग्रोमेट बसवावा. जुडग्यावर लवचिक नळी घालून तो दर वीतभर-दीड वीत अंतरावर बांधावा. हायड्रॉलिक नळीस मात्र बांधू नये, कारण दाब येताच ती नळी हलते व तार घासते. निरुपयोगी झालेल्या जुन्या तारा लोंबकळत न ठेवता काढून टाकाव्यात. प्रत्येक नव्या तारेचा रंग, तिचा फ्यूज व तिचे काम एका वहीत टिपून ठेवावे. पुढच्या दुरुस्तीस ही वही फार उपयोगी पडते.

वेल्डिंग व निगा

बकेटचे दात किंवा तडकलेला हात यंत्रावरच वेल्ड करण्याचा प्रघात आहे. त्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा व अल्टरनेटरच्या जोडण्या सोडवाव्यात; नियंत्रण-पेटी असलेल्या नव्या यंत्रांत तिचीही जोडणी काढावी. वेल्डिंगचा अर्थ सांध्याच्या अगदी जवळ, त्याच भागावर लावावा. दूरवर लावल्यास प्रवाह बिजागऱ्यांच्या बुशांतून व वायरिंगमधून वाहून दोन्ही खराब करतो.

तेलदाबाचा व पाण्याच्या तापमानाचा काटा बंद पडला तर ‘काम तर चालले आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये. एक बारीक तार तुटल्याने धोक्याची सूचना मिळत नाही आणि संपूर्ण इंजिन जाम होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हंगाम सुरू होण्यापूर्वी, फाल्गुन-चैत्रात, गावातील यंत्रमालक व चालक यांना एकत्र बोलावून एखाद्या जुन्या यंत्रावर प्रात्यक्षिक घ्यावे. बॅटरीचा दाब, सेल्फ फिरवतानाची चार मोजमापे व बल्बाने शॉर्ट शोधणे एवढ्या तीन गोष्टी प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने करून घ्याव्यात. अर्थच्या पट्टीखालील गंज घासण्यापूर्वीचे व घासल्यानंतरचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. न्यूट्रल स्विच, फ्यूज व हातब्रेक शाबूत आहेत की नाहीत, याची यादी प्रत्येक यंत्रासाठी त्याच दिवशी करावी. ज्या यंत्रांत फ्यूजऐवजी तार आढळेल, त्यांच्या मालकांनी नवे फ्यूज बसवूनच यंत्र कामास काढावे, असा आग्रह धरावा.